सत्तावनची फोर्ड आणि सत्तावनची शेवर्ले

१९५७ साली अमेरिकेत सर्वांत जास्त मोटारी कोणी बनवल्या, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. तिथे गाडीचं मॉडेल वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. सत्तावनची गाडी छप्पनच्या पानगळीतच शोरूममध्ये येऊन उभी राहायची. या मॉडेल वर्षाचा हिशेब धरला तर फोर्डने सुमारे १६ लाख ७० हजार गाड्या काढल्या आणि शेवर्लेने सुमारे १५ लाख. म्हणजे फोर्डचा विजय स्पष्ट. पण जानेवारी ते डिसेंबर असं कॅलेंडर वर्ष धरलं तर शेवर्ले पुढे निघते, तीही दीडशेपेक्षा कमी गाड्यांनी. दोन कारखान्यांनी प्रत्येकी पंधरा लाखांहून जास्त गाड्या बनवाव्यात आणि वर्षअखेर फरक दीडशेसुद्धा भरू नये, इतकी ती चुरस होती.

या दोन्ही गाड्या श्रीमंतांच्या नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. आज त्यांचे रंगीत फोटो पाहिले, ते क्रोमचे पट्टे आणि मागे उभारलेले पंख पाहिले, की एखाद्या उद्योगपतीचीच गाडी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात फोर्ड, शेवर्ले आणि प्लिमथ या अमेरिकेतल्या स्वस्त गटातल्या तीन मुख्य गाड्या. शाळामास्तर, कारखान्यातला फोरमन, किराणा दुकानदार यांनी हप्त्यावर घेण्याच्या. साधारण २,३०० डॉलरच्या आसपास चांगली चार दारांची गाडी मिळायची आणि एक गॅलन पेट्रोलला तीसेक सेंट पडायचे. १९५६ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली होती. शहरांबाहेर नवी उपनगरं वाढत होती. युद्धानंतरच्या त्या दशकात सामान्य कुटुंबाला मोठी गाडी लागतच होती आणि परवडतही होती.

मोठी म्हणजे किती? शेवर्लेची लांबी २०० इंच, म्हणजे ५ मीटर ८ सेंटिमीटर. फोर्डची फेअरलेन त्याहून वीसेक सेंटिमीटर लांब. आपली ॲम्बॅसडर ४.३ मीटर लांब होती आणि तिचं इंजिन दीड लिटरचं. शेवर्लेचं आठ सिलिंडरांचं इंजिन ४.६ लिटरचं, म्हणजे ॲम्बॅसडरच्या तिप्पट. आणि अमेरिकेत ही स्वस्त गाडी समजली जायची.

आता मूळ गोष्ट. सत्तावन साली फोर्ड पूर्णपणे नवी होती आणि शेवर्ले जुनी होती. शेवर्ले ही जनरल मोटर्सची गाडी आणि तिची बॉडी १९५५ ला आलेली. सत्तावनसाठी नवी बॉडी आणायचा विचार होता, पण ती वेळेत तयार झाली नाही आणि अठ्ठावन्नवर गेली. मग क्लेअर मॅकिकन यांच्या हाताखालच्या शेवर्ले स्टुडिओला त्याच सांगाड्यावर तिसऱ्या वर्षी नवा चेहरा चढवावा लागला. जनरल मोटर्सच्या सगळ्या डिझाइनचे सर्वेसर्वा हार्ली अर्ल. दरवर्षी गाडीचं रूप बदललं पाहिजे, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून माणसाला आपली जुनी वाटू लागते, ही विचारसरणी अमेरिकी मोटारधंद्यात रुजवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यामुळे जुनी बॉडी घेऊन बाजारात उतरणं ही शेवर्लेची नामुष्कीच म्हणायची.

पण अडचणीत सापडलेल्या कारागिरांनी काय करून दाखवलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. चाकं पंधरा इंचांवरून चौदा इंचांची केली, म्हणजे गाडी आपोआप खाली बसली. गाडीच्या आत हवा घेणारी जाळी पूर्वी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असायची. ती तिथून काढून हवेची वाट हेडलाइटच्या वरच्या खोबणीतून नेली, त्यामुळे बॉनेट सपाट करता आलं. मागचे पंख धारदार केले आणि डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे पेट्रोल भरायचं झाकण लपवलं. बेल एअर या सर्वांत वरच्या मॉडेलच्या दोन्ही बाजूंना रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि पुढच्या जाळीला सोनेरी रंग दिला. टप आणि दारं जुनीच, तरी पाहणाऱ्याला गाडी नवी वाटावी असं हे काम होतं. माझ्या मते त्या दशकातलं सर्वांत हुशारीचं काटकसरीचं डिझाइन हेच.

फोर्डने याच्या अगदी उलट वाट घेतली. सगळंच नवं, आणि एक नव्हे तर दोन मापांत. कस्टम ही धाकटी, ११६ इंच व्हीलबेसची. फेअरलेन ही थोरली, ११८ इंचांची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं हे अंतर शेवर्लेत ११५ इंच होतं. रूप बरंचसं १९५५ च्या मिस्टेअर नावाच्या प्रदर्शनातल्या गाडीवरून घेतलेलं. गाडी आधीच्या सालापेक्षा लक्षणीय ठेंगणी झाली आणि ती नुसत्या चाकांमुळे नव्हे. जुन्या चासीत दोन लांब पोलादी पट्ट्या गाडीच्या तळाखालून सरळ जायच्या आणि प्रवाशांच्या पायांखालची फरशी त्यांच्यावर बसायची. फोर्डने या पट्ट्या बाहेरच्या बाजूला, थेट गाडीच्या कडेपर्यंत वाकवल्या. मग फरशी त्यांच्यामध्ये खाली उतरवता आली. टप खाली आला तरी डोक्यावरची जागा गेली नाही. पुढे अमेरिकी गाड्यांमध्ये हीच रचना सर्रास झाली. फोर्डचं बॉनेटही पुढच्या बाजूला बिजागरीवर बसवलेलं होतं. वाऱ्याच्या झोताने धावत्या गाडीचं बॉनेट उघडून काचेवर आपटू नये हा त्यामागचा हेतू.

या काळात फोर्ड विभागाचे प्रमुख होते रॉबर्ट मॅकनमारा. भारतीय वाचकांना हे नाव व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे अमेरिकेचे संरक्षणमंत्री आणि नंतर जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून ठाऊक असेल. त्यांनी १९५६ ला सुरक्षिततेवर जाहिरात करून पाहिली होती. मध्यभागी खोल असलेलं स्टिअरिंग चाक, गादी लावलेला डॅशबोर्ड, पैसे भरून सीटबेल्ट. त्या वर्षी शेवर्लेच पुढे राहिली आणि सुरक्षितता गिऱ्हाइकाला नको असते असा निष्कर्ष धंद्यातल्या अनेकांनी काढला. तो निष्कर्ष अमेरिकेला फार महागात पडला असं मला वाटतं, कारण पुढची दहा वर्षं या विषयाला कोणी मनापासून हात घातला नाही.

रूपात आणि चासीत फोर्ड पुढे होती. बॉनेट उघडलं की मात्र चित्र पालटतं.

फोर्डने १९५४ ला झडपा वरच्या बाजूला असलेलं आपलं पहिलं व्ही-आठ इंजिन या स्वस्त गाडीत बसवलं, शेवर्लेच्या एक वर्ष आधी. त्याचा ठोकळा क्रँकशाफ्टच्याही खालपर्यंत उतरत असल्यामुळे समोरून तो इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसे, म्हणून लोक त्याला वाय-ब्लॉक म्हणत. खालचा भाग भक्कम. पण लोखंड भरपूर आणि वजन फार. शिवाय एक दुखणं होतं. झडपा उघडणाऱ्या वरच्या रॉकरपर्यंत तेल जाण्याची वाट अरुंद होती. त्या काळच्या तेलात गाळ धरायचा, वाट तुंबायची आणि रॉकर कोरडे पडून किरकिरू लागायचे. मग गॅरेजवाले बाहेरून एक नळी ओढून वर तेल पोचवायचे. इंजिन बंद पडत नसे, पण मालकाच्या कानाला आणि खिशाला ते बोचायचं.

शेवर्लेचं व्ही-आठ १९५५ ला आलं. मुख्य अभियंते एड कोल. यापूर्वी त्यांनी कॅडिलॅकच्या १९४९ च्या इंजिनावर काम केलं होतं आणि पुढे ते जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. त्यांच्या गटाने प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला: हा हलका आणि स्वस्त करता येईल का? इतर इंजिनांत रॉकर एका लांब दांड्यावर ओवलेले असत. इथे तो दांडाच काढून टाकला. प्रत्येक रॉकर पत्र्यातून ठोकून काढलेला आणि स्वतःच्या छोट्या खिळीवर, अर्धगोलाकार टेकूवर झुलणारा. ही कल्पना जनरल मोटर्समधल्याच पाँटिॲकच्या अभियंत्यांची. तेल वर न्यायला वेगळी वाट नको म्हणून रॉकरला ढकलणारे पुशरॉडच पोकळ केले आणि त्यांच्यातूनच तेल चढवलं. डाव्या आणि उजव्या बाजूचे सिलिंडर हेड एकाच साच्याचे, कुठेही बसणारे. ओतकामात भिंती पातळ ठेवल्या. परिणाम असा की हे आठ सिलिंडरांचं इंजिन शेवर्लेच्या स्वतःच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनापेक्षाही हलकं भरलं. झडपांची यंत्रणा हलकी, म्हणून इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत न अडखळता चढायचं. पहिल्या वर्षी त्यात तेलाच्या फिल्टरची सोय मुळातच नव्हती, हा दोष होता. तो छप्पनमध्ये दूर झाला.

सुरुवातीला हे इंजिन २६५ क्यूबिक इंचांचं होतं. सत्तावनसाठी ते २८३ केलं. याच्या सर्वांत महागड्या अवतारात कार्ब्युरेटर काढून त्याजागी पेट्रोलचं यांत्रिक इंजेक्शन बसवलेलं. आत जाणारी हवा मोजून त्या प्रमाणात पेट्रोल थेट प्रत्येक सिलिंडरच्या दारापर्यंत पोचवायचं, असा त्याचा हिशेब. जॉन डोल्झा आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी त्यावर काम केलं. जास्तीत जास्त ताकद २८३ अश्वशक्ती, म्हणजे एका क्यूबिक इंचाला एक. कंपनीने याचा भरपूर गाजावाजा केला, पण एकास एक हा टप्पा क्रायस्लरने आदल्याच वर्षी आपल्या ३०० मालिकेतल्या गाडीत ओलांडला होता. इंजेक्शनसाठी जवळजवळ ५०० डॉलर जास्त मोजावे लागत आणि गावोगावच्या मेकॅनिकला ते उघडून बसवता येत नसे. त्यामुळे ते फार थोड्यांनी घेतलं.

त्या काळातले अश्वशक्तीचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिन तेव्हा बाकावर नुसतं मोजायचे. हवेचा फिल्टर नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही, पट्ट्यावर फिरणारे जोडभाग नाहीत. अमेरिकेत १९७२ पासून हे सगळं लावून मोजायची पद्धत आली आणि आकडे एकदम उतरले. तेव्हा सत्तावनच्या २८३ ची आजच्या २८३ शी तुलना करू नये.

फोर्डचं उत्तर ३१२ क्यूबिक इंचांचं. साधारण अवतारात २४५ अश्वशक्ती, दोन मोठे कार्ब्युरेटर लावून २७०, आणि मॅककुलॉक कंपनीचा सुपरचार्जर बसवून ३००. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा, जो हवा दाबून आत ढकलतो. शेवर्लेने हलकं, नेटकं इंजिन करून ताकद मिळवली, फोर्डने मापाने मोठं करून आणि हवा कोंबून. शर्यतीच्या मैदानावर दोन्ही पद्धती चालल्या. वसंतात शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेने इंजेक्शन आणि सुपरचार्जर दोन्हींवर बंदी घातली. जूनमध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. त्या हंगामात फोर्डने शर्यती जास्त जिंकल्या, पण वर्षाचं विजेतेपद शेवर्ले चालवणाऱ्या बक बेकरकडे गेलं. इथेही दोघांना वाटून यश.

फोर्डच्या बाजूने सर्वांत धाडसी गोष्ट अजून सांगायची आहे. ती म्हणजे स्कायलाइनर, पोलादी टप आपला आपण डिकीत जाऊन बसणारी गाडी. कापडी टपाच्या गाड्या सगळ्यांकडे होत्या. इथे मात्र बटण दाबलं की डिकीचं भलंमोठं झाकण उलट दिशेने, मागच्या कडेच्या बिजागरीवर उघडायचं. टपाची पुढची पट्टी स्वतःला दुमडून घ्यायची. अख्खा टप उचलला जाऊन मागे जायचा, आत उतरायचा आणि वर झाकण बंद व्हायचं. जेमतेम मिनिटाचं काम. आज एवढ्या हालचालींचा ताळमेळ एक छोटा संगणक ठेवतो. तेव्हा हे सगळं विजेच्या मोटर, रिले आणि स्विचांवर चालत होतं, सुमारे सहाशे फूट वायर घालून. एक हालचाल पूर्ण झाल्याचं एखाद्या स्विचने कळवलं की मगच दुसरी मोटर फिरायची. ही यंत्रणा मुळात कंपनीच्या महागड्या काँटिनेंटलसाठी विकसित झाली होती. तिथे तिचा खर्च भरून निघेना, म्हणून ती सर्वाधिक खपाच्या फोर्डमध्ये आली. कापडी टपाच्या फोर्डपेक्षा ही ४०० डॉलरहून अधिक महाग. पहिल्या वर्षी वीस हजारांहून थोड्या जास्त बनल्या, मग मागणी उतरत गेली आणि १९५९ नंतर ती बंद झाली. टप आत गेल्यावर सामानाला उरणारी जागा एका मध्यम पेटीपुरती. सहलीला निघालेल्या कुटुंबाला ते कसं चालणार? तरीही अमेरिकी कारखान्यांनी त्या दशकात केलेल्या यांत्रिक कामांत मी स्कायलाइनरला फार वरचं स्थान देतो.

चालवायला दोन्ही गाड्या आजच्या माणसाला घाबरवतील. चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापले की पकड सोडत. ब्रेकच्या तेलाची नळी एकाच मंडलाची, म्हणजे कुठेही फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. दोन स्वतंत्र मंडलं अमेरिकी गाड्यांत सर्रास यायला १९६७ उजाडलं. स्टिअरिंगचा दांडा सरळ चालकाच्या छातीवर रोखलेला. स्वयंचलित गिअरमध्ये फोर्डचे तीन टप्पे आणि शेवर्लेच्या पॉवरग्लाइडचे दोन. शेवर्लेने त्या वर्षी टर्बोग्लाइड नावाचा, टप्पे न जाणवणारा प्रकारही आणला. तो चालायला रेशमी होता, पण महाग आणि नाजूक निघाला व काही वर्षांत बाद झाला.

आपल्याकडे जुन्या मुंबईच्या छायाचित्रांत शेवर्ले आणि फोर्ड भरपूर दिसतात. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्यांची जुळणी केली आणि फोर्डचीही मुंबईत जुळणी चाले. पण स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे खरोखर उत्पादन करणाऱ्यांनीच राहावं, असं ते धोरण. त्यामुळे १९५४ पर्यंत दोन्ही कंपन्या निघून गेल्या. ही प्रसिद्ध जोडी मुंबईच्या कारखान्यांतून कधीच बाहेर पडली नाही, ती यामुळे. क्यूबाची गोष्ट उलट. तिथे क्रांतीपूर्वी आलेल्या अमेरिकी गाड्या नंतर आयात थांबल्यामुळे दुरुस्त करकरून चालवल्या गेल्या. हवानाच्या रस्त्यांवर सत्तावनच्या शेवर्ले अजून भाडी मारतात, कित्येकींच्या पोटात आता दुसऱ्याच देशाचं डिझेल इंजिन असतं.

मग पुढे काय झालं? फोर्डने मॉडेल वर्ष जिंकलं, पण गाडी घाईत बाजारात आलेली होती. बॉडीची जोडणी ढिली, दारं खडखडत, आणि बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिचा पत्रा फार लवकर खाल्ला. शेवर्लेच्या तीन वर्षांच्या जुन्या बॉडीतले दोष तोवर कामगारांनी शोधून काढून संपवले होते. शोरूममध्ये जो तिचा कमीपणा ठरला, तोच पुढे तिचं आयुष्य वाढवणारा ठरला. अठ्ठावन्नला शेवर्लेने संपूर्ण नवी, आणखी लांब आणि जड गाडी आणली. तेव्हा तरुणांना आदल्या वर्षीची सुटसुटीत, हलक्या इंजिनाची गाडी जुन्या बाजारात मिळू लागली. त्यांनी ती उघडली, वेगवान केली, ड्रॅग शर्यतीत उतरवली. एका इंजिनाचे भाग दुसऱ्यात बसत होते, कारण इंजिन तसंच आखलेलं होतं. वाय-ब्लॉक फोर्डने १९६२ नंतर मोटारींतून काढलं. शेवर्लेच्या छोट्या व्ही-आठचा वंश मात्र वाढतच गेला. २६५ पासून सुरू झालेलं ते माप ४०० क्यूबिक इंचांपर्यंत पोचलं आणि नव्या पिढ्या धरून २०११ च्या अखेरीस जनरल मोटर्सने त्या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं.

आज सत्तावनच्या शेवर्लेचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा बनवून मिळतो, अगदी अख्खी बॉडीसुद्धा. फोर्डसाठी तेवढी सोय नाही आणि उरलेल्या फोर्डही तुलनेने कमी. नव्या कल्पना मोजल्या तर माझं मत फोर्डला. तिची चासी आणि स्कायलाइनरचा टप यांना तोड नाही. पण दोघींपैकी एकीची किल्ली हातात घ्यायची तर मी शेवर्लेची घेईन, आणि ती पंखांसाठी किंवा सोनेरी जाळीसाठी नाही, तर त्या हलक्या, साध्या, कुठेही दुरुस्त होणाऱ्या इंजिनासाठी. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना एक सुचवतो. उन्हाळ्यात तिथल्या लहान गावांत जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. तिथे ही जोडी दिसली तर बाहेरचं क्रोम पाहून पुढे जाऊ नका. मालकाला विनंती करून दोघींची बॉनेटं उघडायला सांगा आणि रॉकर कशावर बसलेत ते विचारा.